प्रितेशची तात्पुरती किल्ली

घणसोली गावात प्रितेश म्हात्रेच्या दारात हळदीचा मांडव पडला होता आणि नवरदेव निघाला होता रबाळ्याच्या ऑफिसात. तेही रजेच्या पहिल्याच दिवशी! साहेबांचा, म्हणजे सुधीर सरांचा, फोन आला होता. क्लाऊडवर ठेवलेली एकही फाइल कोणालाच उघडेना.

"आये, चहा उकळेपर्यंत आलोच," प्रितेश म्हणाला.

"बाया जमाया लागल्यान, बाला," आई, बायजा, करवादली. "उशीर केलास त तुझ्याबिगर हलद लावू."

पण प्रितेशला कसलं टेन्शन? क्लाऊडवरून फायली आणणारी कोडची लायब्ररी त्याच्याच हातची आणि सगळं ऑफिस तीच वापरायचं. कोणी तक्रार केली की याचं उत्तर ठरलेलं, प्रॉब्लेम तुमच्याकडे आहे.

गीतांजली टीममध्ये नवीन. तिच्या स्क्रीनवर एकच ओळ होती, 'परवानगी नाही'.

"प्रॉब्लेम तुझ्याकडे आहे," प्रितेशने बसायच्या आत निकाल दिला. तिचा पासवर्ड बदलायला लावला, मशीन बंद-चालू करायला लावलं, इंटरनेटवाल्याला फोनवर झापलं. परवानगी काही मिळेना. इकडे खिशात बायजाचा फोन सारखा थरथरत होता.

शेवटी गीतांजलीनेच लायब्ररी उघडली. "सर, यात क्लाऊड उघडायची ही किल्ली कोणाची?"

"माझ्याच खात्याची. तात्पुरती टाकली होती."

"कधी?"

"लायब्ररी लिहिली तेव्हा."

"आणि सर, रजेवर गेलं की आपलं खातं बंद होतं ना?"

प्रितेशचा चेहरा खर्रकन उतरला. स्वतःच्या लग्नासाठी रजा टाकून पठ्ठ्याने अख्ख्या ऑफिसला कुलूप लावलं होतं.

"नव्या किल्लीला हेड ऑफिसची मंजुरी लागते. आज काही मिळत नाही," सुधीर सर म्हणाले. "तू रजा रद्द कर."

"सर, आज माझी हळद आहे."

"मग लाव ना हळद. फक्त कामावर राहा."

रजा रद्द झाली, फायली धडाधड उघडल्या आणि प्रितेश मांडवाकडे धावत सुटला. बायजाने त्याला दंडाला धरून पाटावर बसवलं. बायकांनी हळदीने कपाळापासून पायापर्यंत माखला. बेंजोवाल्यांनी ठेका धरला आणि फोन वाजला.

"कामावर आहेस ना? क्लायंटची मीटिंग आहे, व्हिडिओवर ये."

मामाने फोन समोर धरला. पलीकडून क्लायंट डोळे बारीक करून म्हणाला, "तुमचा कॅमेरा बिघडलाय का हो? तुम्ही पिवळेधमक दिसताय."

प्रितेशच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "प्रॉब्लेम तुमच्याकडे आहे."