आधी नंबर सांगा

आमच्या शेजारच्या सोमकुवर मास्तरांच्या दारावर थाप मारली, तर आतून "कोण आहे?" असा प्रश्न यायचा नाही. "नंबर?" एवढंच यायचं. नाव सांगून उपयोग नव्हता. नाव काय, कोणीही कोणाचं सांगतो, असं त्यांचं म्हणणं. आवाजावरही त्यांचा भरवसा नव्हता. "आवाज उसना भेटते, बाबू. नंबर नाही भेटत," हे वाक्य मी पांढुर्ण्यात राहायला आलो त्या पहिल्याच दिवशी त्यांच्या बंद दाराआडून ऐकलं. मी बिचारा नळाला पाणी कधी येतं एवढंच विचारायला गेलो होतो.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, रेल्वेतले. नागपूर-इटारसी लाईनवरच्या लहान लहान स्टेशनांत त्यांची सारी नोकरी गेली. तिथे गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनच्या मास्तराला टेलिफोनवर विचारावं लागे. "लाईन मोकळी आहे" असं त्यानं नुसतं म्हणून भागत नसे, सोबत एक गुप्त नंबर द्यावा लागे. नंबरांची पट्टी ज्याची त्याच्याजवळ कुलपात असायची. वापरलेला नंबर खोडून टाकायचा, पुन्हा कधी द्यायचा नाही. उगाच कोणी मास्तराचा आवाज काढून एका गाडीवर दुसरी गाडी सोडू नये, म्हणून हा बंदोबस्त. मास्तर निवृत्त झाले तेव्हा रेल्वेनं त्यांच्याकडून कंदील परत घेतला, झेंड्या परत घेतल्या, पण ही सवय परत घ्यायची राहून गेली. ती ते घरी घेऊन आले.

घरासाठी त्यांनी त्यात थोडी सुधारणा केली. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी आपल्या सुबक अक्षरात नंबरांची एकेक पट्टी लिहून दिली आणि तिची नक्कल स्वतःकडे ठेवली. आलात की पट्टीवरचा सगळ्यात वरचा नंबर सांगायचा आणि खोडायचा. पुढच्या खेपेला त्याखालचा. दूधवाल्याची पट्टी वेगळी, पोस्टमनची वेगळी. आमचा दूधवाला उत्साही माणूस. तो गल्लीच्या टोकापासूनच आपला नंबर ओरडत यायचा. मास्तर दार न उघडताच म्हणायचे, "रद्द. साऱ्या गल्लीनं आयकला." मग त्यानं दाराच्या फटीला तोंड लावून दुसरा नंबर कुजबुजायचा. दूध मिळेपर्यंत गल्लीतल्या बाकीच्या घरांत दुसरा चहा झालेला असे.

एकदा जावई दिवाळीला आला. पट्टी विसरून आला. मास्तरांनी त्याला ओसरीवर खुर्ची दिली, पाणी दिलं, चिवडा दिला, तब्येत विचारली, पण आत घेतलं नाही. मुलगी पाठीमागून रिक्षानं सामान घेऊन आली आणि तिनं आपला नंबर सांगितला, तेव्हा कुठे जावयाचा गृहप्रवेश झाला. जावई रागावला नाही. त्यालाही आता हे माहीत झालं होतं.

या नियमातून त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंचीही सुटका नव्हती. फरक एवढाच की त्यांची पट्टी कागदावर नव्हती. लग्न होऊन त्या स्टेशनच्या क्वार्टरात आल्या, तेव्हापासून दोघांचे नंबर तोंडी ठरलेले, आणि काकूंना ते क्रमानं पाठ. स्वयंपाक झाला की त्या चुलीपाशी बसूनच नंबर सांगत, मास्तर उलट आपला नंबर सांगत आणि मग ताटावर येत. एकदा काकू कशावरून तरी चिडल्या होत्या. त्यांनी मुद्दाम आदल्या दिवशीचा नंबर सांगितला. मास्तर जागचे हलले नाहीत. "वापरलेला नंबर मेलेला नंबर," ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "मंग उपाशी ऱ्हा." त्या दिवशी मास्तर आमच्याकडे जेवले. माझ्या बायकोनं त्यांना वांग्याची भाजी वाढली, तेव्हा आधी त्यांनी तिचा नंबर विचारला. मी तर पोट धरून हसलो.

पुढे काकू विसरू लागल्या. आधी मीठ, मग किल्ल्या, मग वार. एक दिवस त्यांनी माझ्या बायकोला विचारलं की तू कोणाची, इथे कधी आलीस. मास्तर वरून तसेच होते, पण दाराला त्यांनी आतून आणखी एक कडी बसवली. माझ्याजवळ ते एकदाच बोलले. "बाबू, उद्या कोणी येईन अन् म्हणन, चाला बाई, मी तुमच्या घरचा. अन् हे भोळी उठून त्याच्यामांगं चालली जाईन. मंग मी कोठी पाहू?" म्हणून त्यांनी काकूंना एकच गोष्ट रोज घोकायला लावली. नंबर सांगितल्याशिवाय कोणासोबत जायचं नाही. मास्तरांसोबतसुद्धा नाही. माझी बायको म्हणाली, अहो, आजारी बाईला कशाला हा छळ? मलाही तसंच वाटलं.

मी सौंसरला तहसील कचेरीत कारकून. रोज बसनं जायचं, बसनं यायचं. संत्र्याचे दिवस होते. संध्याकाळी सुटून बसस्टँडवर आलो, तर संत्र्यांच्या टोपल्यांच्या रांगेशेजारी बाकावर काकू बसलेल्या. नीट नेसलेलं लुगडं, मांडीवर पिशवी. मोहगावला माहेरी निघाल्या होत्या. माहेरी आता कोणी उरलं नव्हतं, पण ते त्यांना कोणी सांगावं? पांढुर्ण्याहून त्या सौंसरपर्यंत बरोबर आल्या होत्या आणि पुढची बस कोणती, हे तिथे विसरल्या होत्या.

मी म्हणालो, काकू, चला, घरी जाऊ. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमी घरचे हा का?"

"शेजारचा आहे, काकू."

"मंग नंबर सांगा."

माझी पट्टी सदऱ्याच्या खिशात होती आणि सदरा धोब्याकडे जाऊन आला होता. शिवाय माझी पट्टी मास्तरांसाठी होती, काकूंपुढे तिचा काय उपयोग? मी काकूंना पुष्कळ समजावलं. संत्रेवाल्या बाईनं समजावलं. एक जीपवाला भला माणूस होता, तो म्हणाला, मावशी, मी दारापर्यंत सोडून देतो. काकूंनी त्यालाही नंबर विचारला. "आमचे मालक आल्याबिगर मी हलत नाही," त्या म्हणाल्या आणि शांतपणे संत्रं सोलू लागल्या. अर्धं त्यांनी मला दिलं.

शेवटी समोरच्या औषधाच्या दुकानातून मी एक्स्चेंजला पांढुर्ण्याच्या किराणावाल्याकडे फोन लावायला सांगितला. लाईन लागली, किराणावाल्यानं मास्तरांना बोलावून आणलं. ते सकाळपासून स्टेशन, बाजार, नदीकाठ पालथा घालून नुकतेच परतले होते. मी सगळं सांगितलं. म्हटलं, मास्तर, काकूंचा नंबर सांगा, मी त्यांना घेऊन येतो.

पलीकडून ते म्हणाले, "आधी तुमचा नंबर."

"पट्टी धुतल्या गेली हो, मास्तर."

"मंग मी कसं मानू का तुमी तुमीच हा? आवाज उसना भेटते. अन् या लाईनवर आणखी कान असतीन."

"मी नाही ऐकून राहिलो, मास्तर," एक्स्चेंजमधला माणूस मध्येच बोलला.

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. मास्तरांचा आवाज मात्र कापत होता. "तिले हलू देऊ नोका," ते म्हणाले. "मी येऊन राहिलो."

दिवे लागून गेल्यावर बसमधून मास्तर उतरले. सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली, एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्या पायात काकूंची. ते धावत आले आणि काकूंच्या पुढे येऊन एकदम थांबले. मला वाटलं, आता तरी ते नियम सोडतील, हात धरून काकूंना उठवतील. पण ते उभेच राहिले. काकूंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ओळखीचं काहीच त्या नजरेत नव्हतं.

"नंबर?" काकू म्हणाल्या.

मास्तर वाकले आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलले. काकूंचा चेहरा उजळला. "किती उशीर केला जी," त्या म्हणाल्या आणि पिशवी त्यांच्या हातात देऊन उठल्या.

परतीच्या बसमध्ये काकू खिडकीशी झोपल्या. मी मास्तरांना विचारलं, त्यांना सगळे नंबर अजून क्रमानं आठवतात?

"नाही ना. आता एकच आठवते. पहिला. क्वार्टरात आली त्या दिवशी देला होता तो."

"मग रोज तोच? वापरलेला नंबर मेलेला ना, मास्तर?"

मास्तर काकूंच्या अंगावरचा पदर सारखा करत राहिले. "तिच्यासाठी रोज नवाच असते तो," ते म्हणाले. मग त्यांनी कंडक्टर लांब आहे असं पाहून घेतलं आणि माझ्या कानाशी तोंड आणलं. "मी नसलो त तिले कोण आणन, बाबू?" आणि त्यांनी मला तो नंबर सांगितला. नंबरासाठी ज्यानं जावयालाही ओसरीवर बसवलं, त्या माणसानं.

पुढच्या उन्हाळ्यात मास्तर मोतीबिंदूसाठी नागपूरला गेले. मुलगी घरी येऊन राहिली होती. एका सकाळी तिचा डोळा चुकवून काकू निघाल्या आणि मला स्टेशनच्या बाहेर सापडल्या. कोणी काही म्हटलं तरी जागच्या हलत नव्हत्या. मला त्यांनी ओळखलं नाहीच. नंबर विचारला. मी खाली वाकलो आणि सांगितला.

काकू माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी माझा हात धरला.

"त्यायनं तुमाले सांगतला?" त्या म्हणाल्या. "मंग तुमी घरचेच."