दिगांबरकाकांचं खरं

शोकसभेत उभं राहून गेलेल्या माणसाचीच तक्रार करणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या प्रताप नगरातले दिगांबरकाका. शेजारचे गुलाबराव गेले, तेव्हा कुणी त्यांना देवमाणूस म्हटलं, कुणी दानशूर. काकांची पाळी आली. ते उठले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "माणूस बरा होता. पण माझी शिडी नेली ते वापस नाही केली. मागितली की म्हणे, कोणती शिडी?"

सभा गोठली. गुलाबरावांच्या बायकोने मात्र पदर तोंडाला लावला. ती हसत होती. मागाहून म्हणाली, "तेवढे एकच ह्यांच्याबद्दल बोलले. बाकीचे कोणाबद्दल बोलून राहिले होते, मले कळतच नव्हतं."

"खोटं काहून बोलू गा?" हे काकांचं पालुपद. लग्नात वधूपित्याने हात जोडून जेवण कसं झालं विचारलं, तर हे सांगणार, "भात करपला होता." नको असलेला पाहुणा आला आणि काकूंनी आतून 'नाही म्हणा' अशी खूण केली, की दारात उभे राहून म्हणणार, "आहे ती घरी. पण तुमाले भेटायचं नाही म्हणते." शेवटी काकूच धावत जाऊन दार उघडू लागल्या.

लोक त्यांना टाळायचे. आणि मुलीसाठी स्थळ आलं, की मुलगा खरंच कसा आहे हे विचारायला त्यांच्याकडेच यायचे.

त्यांना वामन नावाचा धाकटा भाऊ आहे, हे मला फार उशिरा काकूंकडून कळलं. भाऊ कसला, मुलगाच. आई लवकर गेली, काकांनीच त्याला न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, उमरेडला दुकान लावून दिलं. एकदा दोघे वामनच्या गाडीतून येत होते. वामन चालवता चालवता मोबाइलवर बोलत होता. एका सायकलवाल्याला धडक बसली, त्याचा पाय गेला. "दादा, तो एकदम आडवा आला एवढंच म्हण," वामनने हात जोडले. नातेवाइकांनीही समजावलं. कोर्टात काकांनी जे झालं ते सांगितलं. वामनला शिक्षा झाली. सुटून आल्यावर त्याने दादाशी बोलणंच टाकलं.

गेल्या उन्हाळ्यात मी कामासाठी उमरेडला गेलो होतो. परतीची बस पकडायला स्टँडवर आलो, तर बाकावर काका.

"इकडे कुठे काका?"

"वामनचं दुकान आहे समोर. येतो मी अधूनमधून. पाहतो अन् जातो."

रस्त्यापलीकडे भांड्यांचं दुकान होतं. गल्ल्यावर एक टकला, जाडसर माणूस बसला होता.

"केस गेले त्याचे," काका म्हणाले. "लहानपणी भांग पाडू नाही द्यायचा. पळायचा घरभर."

मी चाचरत विचारलं, "काका, तेव्हा कोर्टात तुम्ही गप्प राहिला असतात तर?"

"अन् त्या सायकलवाल्याले काय सांगू? तुझा पाय तुझ्याच चुकीनं गेला म्हणून?" ते पुन्हा दुकानाकडे वळले. "आजही विचारलं तर तेच सांगीन गा. पण वामन काही विचारूनच नाही राहिला."

तेवढ्यात वामनने मान वर केली. त्याने आम्हाला पाहिलं. काका अर्धवट उठले. हात वर करावा की नाही, हे त्यांचं ठरेना. वामन गल्ल्यावरून उठून दुकानाच्या तोंडाशी आला, आणि वर गुंडाळलेला ताडपत्रीचा पडदा त्याने पार जमिनीपर्यंत सोडला.

काका हळूच खाली बसले.

"उन्ह लागून राहिलं असंन त्याले," ते म्हणाले.

ऊन सगळं आमच्या अंगावर होतं. वामनचं दुकान सावलीत होतं.

"हो काका," मी म्हटलं. "कडक आहे आज."