मुका बार

आमच्या खाण गल्लीत रोज दुपारी बारा वाजता एक म्हातारा लाल फडकं घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहायचा आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचा, "बाऽऽर हाय! बाऽऽर हाय! हटा, बाऽऽर हाय!" सायकलवाले खाली उतरायचे. रिक्षावाले आधी शिव्या द्यायचे आणि मग थांबायचे. घराघरांतून बायका फळीवरच्या बरण्या हातानं धरून ठेवायच्या. मिनिटभर सगळी गल्ली श्वास रोखून असायची. मग काहीच व्हायचं नाही आणि ज्याचा तो आपल्या कामाला लागायचा.

काहीच व्हायचं नाही, कारण गल्लीमागची दगडखाण बंद पडून आठ वर्षं झाली होती.

म्हाताऱ्याचं नाव भीमाण्णा. उभी हयात त्यानं त्या खाणीत सुरुंग लावले. सुरुंगाला तो बार म्हणे, म्हणून गल्ली त्याला बारअण्णा म्हणे आणि माझ्या वर्गातली पोरं 'बारा आणे' म्हणत. मी बदली होऊन सोलापुरात आलो, त्याच्या समोरची खोली घेतली आणि पहिल्याच दुपारी त्याच्या आरोळीनं दचकून कपबशी फोडली. अण्णानं खिडकीतून आत डोकावून तुकडे पाहिले. "मास्तर, हितं ऱ्हायचं तर बाराला कप हातात धरायचा न्हाय," एवढं सांगून तो गेला. हळहळ वगैरे काही नाही.

अण्णाचं माणसांवर फारसं प्रेम नव्हतं. ते सगळं दगडांवर होतं. निम्मं सोलापूर आपल्या खाणीतून वर आलंय, असा त्याचा दावा होता. कुणाच्या लग्नाला गेला तरी नवरा-नवरीकडे न बघता तो मांडवाच्या दारातली पायरी बघत बसायचा. "पूर्वेच्या कड्याचा हाय. लई गुणाचा दगूड," असं म्हणून पायरीवरच अक्षता टाकून यायचा. एकदा नवी पेठेत एका कापडदुकानाच्या पायरीवर तो चक्क गाल टेकून आडवा झाला. मालकाला वाटलं, म्हाताऱ्याला फेफरं आलं. नोकरानं धावत कांदा आणला, दुसऱ्यानं चप्पल नाकाला लावली. अण्णा शांतपणे उठला आणि म्हणाला, "चप्पल लांब घे. ही पायरी म्या फोडलीया." त्या दिवसापासून मालक त्याला बघून गल्ल्यावरून उठून उभा राहायचा. आदरानं की भीतीनं, ते विचारायला मी गेलो नाही.

त्याची तक्रार शहराबद्दल होती. हल्ली सगळं सोलापूर आवाज खाऊन बोलतं, असं त्याचं म्हणणं. "मोठ्यानं बोल की मर्दा, तोंडात पान हाय व्हय?" हे तो पान न खाणाऱ्यालाही ऐकवायचा. गिरणीच्या भोंग्याचा घसा बसलाय, देवळातली घंटा चिरलीय, कोंबडे आळशी झालेत. बिघाड सगळ्या गावात होता. अण्णाचे कान तेवढे शाबूत होते.

मला एक गोष्ट मात्र खटकायची. बार उडून गेला की "मोकळं!" अशी आरोळी द्यायची खाणीची रीत होती. त्याशिवाय कामकरी जागचे हलत नसत. अण्णा रोज हटा म्हणायचा, पण मोकळं कधीच म्हणायचा नाही. एकदा विचारलं तर म्हणाला, "कसं म्हनू? खान बंद झाली त्या दिशी सात बार लावलं. सहा उडालं. एक मुका ऱ्हायला. मोजल्याबिगर मोकळं म्हनत न्हाईत." म्हणजे नियमानं पाहिलं तर आमची गल्ली आठ वर्षं हटलेलीच होती.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. एके सकाळी टेप घेतलेली माणसं आली आणि घरांच्या भिंतींवर चुन्याच्या फुल्या मारू लागली. खाण बुजवायची, तिच्यावरून सरळ रस्ता काढायचा आणि गल्लीच्या जागी बाजाराची इमारत उभी करायची, असा बेत होता. ओटे जाणार, पायऱ्या जाणार, अण्णाची पत्र्याची खोलीही जाणार. बायका रडायला लागल्या. अण्णा पुढे झाला आणि तरुण इंजिनिअरला म्हणाला, "सायेब, फुली मारा की. पन खानीत पाय टाकू नगा. आत एक बार मुका हाय."

इंजिनिअरचा पाय जिथे होता तिथेच राहिला. त्यानं सगळं नीट लिहून घेतलं. तज्ज्ञ माणूस येऊन तपासेपर्यंत काम थांबलं.

गल्लीनं अण्णाला डोक्यावर घेतलं. काय थाप मारली म्हाताऱ्यानं! मीसुद्धा त्याची पाठ थोपटायला गेलो. अण्णा असा भडकला, की मी दोन पावलं मागे सरलो. "बाराच्या बाबतीत लबाडी? मानसं मरत्यात तितं, मास्तर!" चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तेव्हा मला कळलं, की थाप नव्हती. त्याचा खरंच विश्वास होता.

खरं काय ते मला नरसम्मानं सांगितलं. तेलुगू वळणाचं मराठी बोलणारी नरसम्मा शेजारच्या ओट्यावर विड्या वळायची. पंचवीस विड्यांचा कट्टा बांधताना तिला कधी दुसऱ्यांदा मोजावं लागलेलं मी पाहिलं नाही. सुपातली पानं सारखी करत ती हळूच म्हणाली, "मास्तर, सात उडाला. मी मोजला की."

मग तिनं सगळंच सांगितलं. अण्णाचे कान खाण चालू असतानाच निम्मेअधिक गेले होते. हे फक्त त्याच्या बायकोला, निंगव्वाला, ठाऊक होतं. बार उडायच्या वेळी ती कडेच्या चौकोनी धोंड्यावर येऊन बसायची आणि एकेक धडाक्याला एकेक बोट उघडायची. अण्णा तिच्या हाताकडे बघायचा, हिशोब जुळला की मोकळं म्हणायचा. खाणीला वाटायचं, काय कान आहेत या माणसाचे! मग निंगव्वा वारली. सुतक संपवून अण्णा कामावर गेला, तो खाणीचा शेवटचा दिवस. धोंडा रिकामा होता. त्यानं एकट्यानं मोजलं आणि एक कमी भरला. बारवाल्याच्या मोजणीला कुणी आडवं जात नसे.

"जाताना निंगव्वा मला बोलला, माझ्या मागं तू मोज," नरसम्मा म्हणाली. "पन त्येचा कान गेला, हे कुनाला सांगायचा न्हाय. मी मोजला. त्येनी माझ्याकडं बघितलाच न्हाय. आता सात म्हटला, तर त्येचा कान गेला हे बाहेर पडला की नाय?"

मीही हे कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं. सात म्हटलं तर अण्णाची अब्रू जाणार होती आणि गल्लीही. सहावर थांबलं तर दोन्ही राहणार होतं. मास्तर असूनही मला हे गणित सोपं वाटलं.

तज्ज्ञ आला, आणि गणित बिघडलं. त्याला भोकं दाखवायला कुणीतरी हवं होतं. अण्णा म्हणाला, "लावलं म्या, बगनार म्या. बाकी समदी वर ऱ्हावा. येळ बाराची." आदल्या संध्याकाळी त्यानं खोलीची किल्ली माझ्याकडे दिली. "लागली तर ऱ्हाऊ द्या," म्हणाला. सत्तरीचा माणूस मरायची तयारी करून चालला होता, तेही न उरलेल्या बारासाठी.

दुसऱ्या दिवशी बाराला सगळी गल्ली खाणीच्या कडेला उभी. अण्णानं लाल फडकं हलवलं, तीन आरोळ्या दिल्या आणि खाली उतरू लागला. तेवढ्यात नरसम्मा मांडीवरचं सूप बाजूला ठेवून उठली. गर्दीतून वाट काढत गेली आणि निंगव्वाच्या धोंड्यावर बसली. नुसते दोन्ही हात वर केले. एका हाताची पाच बोटं, दुसऱ्याची दोन.

उतरता उतरता अण्णानं सवयीनं वर पाहिलं. पाहतच राहिला. मग तो तसाच वर चढून आला आणि तज्ज्ञासमोर उभा राहिला.

"सायेब, सातच्या सात उडाल्यात. माजी मोजनी चुकली हुती. खुशाल जावा."

कुणीतरी कपाळावर हात मारून घेतला. आमची गल्ली आमच्याच माणसानं घालवली होती. अण्णानं कुणाकडे पाहिलं नाही. छाती भरून घेतली आणि ओरडला, "मोकळंऽऽ!" आठ वर्षांची राहिलेली आरोळी ती. समोरच्या कड्यावर आपटून परत आली. त्याला ऐकू आली की नाही, कोण जाणे.

तरीही गल्ली राहिली. खाण बुजवायला मुरूम किती लागेल याचा हिशोब इंजिनिअरनं मांडला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आजोबा, एवढा दगड काढलात तरी कुठे?" अण्णानं लाल फडक्यानं सगळं शहर दाखवलं. "परत भरायचा म्हनला, तर गाव मोडावं लागंल की." शेवटी रस्ता पलीकडून गेला. खाणीला तारेचं कुंपण पडलं आणि भिंतींवरच्या चुन्याच्या फुल्या पुढच्या दिवाळीत बायकांनी रंगाखाली घालवल्या.

बाराची आरोळी चालूच राहिली. फक्त आता ती दिल्यावर अण्णा शेजारच्या ओट्याकडे बघायचा. नरसम्मा विडी वळता वळता एक हात वर करायची, मूठ मिटलेली. एकही बार शिल्लक नाही. मग अण्णा मोकळं म्हणायचा आणि गल्ली हलायची.

एकदा मी त्याच्या त्यातल्या त्यात चांगल्या कानाशी जाऊन विचारलं, "अण्णा, आता कशाला रोज तिच्याकडे बघता? सगळं मोकळं झालंय की."

"व्हय की," तो म्हणाला. लाल फडक्याची घडी घातली. "पन निंगव्वा गेल्यापास्नं मला कुनी बोटं दावली नव्हती, मास्तर."