बिनमिठाच्या गावाचे आकडे

गजभियेकाका डब्यातली भाजी बिनमिठाची खातात आणि त्याचं कारण समोरच्याला ऐकवल्याशिवाय घास गिळत नाहीत. "ढगात मीठ टाकलं त पाऊस पडते, माणसात टाकलं त बीपी वाढते."

नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी अभिलेख कक्षात ते रेकॉर्डकीपर आहेत. मी तिथे कंत्राटावर जुने कागद स्कॅन करते. सध्या आमच्यापुढे कृत्रिम पावसाचं दप्तर आहे. फार पूर्वी सरकारनं मिठाची भुकटी हवेत उडवून ढगांतून पाऊस काढायचे प्रयोग केले, त्याच्या फायली.

या फायलींवर काकांचं राज्य. पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही, पंखा एकवर, चहा व्हरांड्यात. कुणी काहीही म्हटलं की यांचं ठरलेलं, "नोंद आहे?"

एकदा साहेब म्हणाले, "काल रामदासपेठेत काय कोसळला हो!"

"किती मिलिमीटर?"

"अहो, मी चिंब भिजलो ना!"

"भिजणं म्हणजे मोजमाप नाही होत, साहेब."

साहेबांनी काकांपुढे हवापाण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

मार्चमध्ये आदेश आला. फक्त अहवाल स्कॅन करा, गावोगावच्या रोजच्या पावसाचे तक्ते रद्दीत काढा. काका आता ऑफिस डोक्यावर घेतील असं मला वाटलं. त्यांनी मुकाट्यानं स्कॅनची यादी केली, सही केली. दुपारी मात्र एक गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"हे बी घे वं."

"काका, हे यादीत नाही."

"मालूम आहे मले. यादी मीच केली."

"मग काहून?"

काका गठ्ठ्याची फीत सोडत राहिले.

सगळे तक्ते एकाच गावाचे. रोज सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस, मोत्यासारखं अक्षर, खाली सही: ल. गजभिये.

"तुमचे कोण?"

"बाबा. गावात मास्तर होते. पाऊस मोजाचं यंत्र शाळेच्या पटांगणातच होतं. सरकार आपल्यासाठी पाऊस आणून राहिलं, असं सांगत लोकाईले."

एका पानावर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'आज पाऊस आला. गावात आनंद.' त्याखाली कुणा अधिकाऱ्याची लाल शाई, 'असंबद्ध शेरे लिहू नयेत.' मला हसू आलं. काकांना नाही आलं.

"मी इथं नोकरीले लागलो, तवा नकाशा पाह्यला. मीठ उडवत ते दुसऱ्या गावाईकडं. आमचं गाव तुलनेसाठी ठेवलं होतं. तिथं काही टाकाचं नाही, नुसतं मोजाचं. बाबाले हे कोणी सांगतलंच नाही."

"तुम्ही सांगितलंत?"

"थकले होते वं तवा. घरी गेलो का विचारत, माह्या आकड्याईचा काही उपयोग झाला का गा? मी म्हणो, बाबा, तुमच्या आकड्याईबिगर प्रयोग उभाच नसता राह्यला."

स्कॅनरचा उजेड पानावरून सरकत गेला.

"खोटं त नाही ना झालं हे?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही काका. खरंच आहे ते."

त्यांनी मान हलवली आणि पुढचं पान स्वतःच्या हातानं काचेवर नीट पसरून ठेवलं.