गव्हाळ रंगाचे अध्यक्ष

धम्मरत्न आर्णीजवळच्या एका खासगी शाळेत चित्रकला शिकवत होता. त्याला नऊ वर्षं झाली होती आणि पगार अजून सुरू व्हायचा होता. पद मंजूर व्हायचं तर त्याची फाइल यवतमाळला जायला हवी होती, आणि फाइल संस्थेचे अध्यक्ष मारोतराव यांच्या टेबलाच्या खणात होती. टेबल सागवानी होतं, खण मजबूत होता. पोटासाठी धम्मरत्ननं आर्णीत लेसर मशीनचं दुकान टाकलं होतं. सकाळी शाळेत फुकट शिकवायचं आणि दुपारी दारांच्या पाट्यांवर लोकांची नावं कोरायची, असं त्याचं चाललं होतं.

एके दिवशी मारोतरावांनी त्याला बोलावून घेतलं.

"मास्तर, माह्या पंचाहत्तरीले शाळेत चित्रकलेचं दालन उघडून राह्यलो. तिथं माहा चेहरा पाह्यजे. स्टीलवर. रंगीत."

"करतो साहेब. अन् फाइल?"

"चेहरा चांगला आला का फाइल गेलीच समजा."

दालन तयार आणि मास्तरच्या पदाचा पत्ता नाही, यात मारोतरावांना काही वावगं वाटत नव्हतं. धम्मरत्नला वाटत होतं, पण नऊ वर्षांत त्याला ते गिळायची सवय झाली होती.

लेसर मशीन स्टीलला रंग लावत नाही. ते पत्रा अशा बेतानं तापवतं की त्याच्या अंगावर आपोआप रंग उमटतो. वेग जरा कमी पडला की निळा, ताकद जरा जास्त झाली की जांभळा. पहिल्या दिवशी अध्यक्ष हिरवे आले. दुसऱ्या दिवशी जांभळे. तिसऱ्या दिवशी लेन्सची उंची दोन मिलिमीटरनं चुकली आणि ते असे निळे पडले की धम्मरत्नची बायको प्रियंका म्हणाली, "दवाखान्यात न्या त्यायले."

शेवटी त्यानं एका पत्र्यावर शंभर चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनाला वेगळा वेग, वेगळी ताकद दिली. सातव्या ओळीतल्या चौथ्या घरात त्याला मारोतराव सापडले. गव्हाळ, किंचित तांबूस, गालावर तुकतुकी. धम्मरत्न त्या चौकोनाकडे बराच वेळ पाहत बसला. एवढा आनंद त्याला डिप्लोमा मिळाला तेव्हाही झाला नव्हता.

"आपल्या चहाच्या भगोन्याले जळल्यावर बुडाशी असाच रंग येते," प्रियंका म्हणाली.

धम्मरत्न तिच्यावर रागावला. शास्त्र तेच होतं, म्हणून जास्तच रागावला.

आरशासारखं पॉलिश असलेल्या मोठ्या पत्र्यावर त्यानं सहा तास मशीन चालवलं. केस, मिशी आणि चष्मा त्यानं खोल कोरून काळेभोर केले. चेहऱ्याचा रंग मात्र वरवरचा होता, कागदाहूनही पातळ. समारंभाच्या आदल्या दिवशी त्यानं पत्रा चादरीत गुंडाळून शाळेत नेला आणि दालनाच्या भिंतीवर स्वतः बसवला. जाताना मुख्याध्यापिका विमलताईंना दाखवला. त्या हरखल्या. हरखल्या म्हणूनच त्यांनी शिपाई गोविंदाला बजावलं, "उद्या साहेब येणार आहेत. घंटा, बक्षिसांच्या ढाली, दालनातलं जे जे चमकायचं असेल ते सगळं चमकलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी धम्मरत्न समारंभासाठी आला तेव्हा भिंतीवरून केस, मिशी आणि चष्मा त्याच्याकडे पाहत होते. मध्ये काहीच नव्हतं.

"गोविंदा, चेहरा कुठी गेला?"

"कोनता चेहरा, सर?"

"याच्यातला."

"थो चेहरा होता?" गोविंदा जवळ आला. "मले वाटलं पत्रा जळाला. पिवळा-तांबडा पडला होता पार. चिंच लावली, बारीक राख लावली, दोन तास रगडला. लय चिवट होतं, सर. मंग मऊ फडक्यानं चमकावला. पाहा, तोंड दिसून राह्यलं."

"मिशी नाही दिसली तुले?"

"दिसली ना. मले वाटलं डिझाइन हाय."

नऊ वर्षं आणि सहा तास चिंचेच्या कोळात वाहून गेले होते. धम्मरत्नला गोविंदावर ओरडायचं होतं, पण गोविंदाचे दोन्ही हात सोलवटले होते. इतकं मन लावून त्या शाळेत फार कोणी काम करत नसे.

विमलताई धावत आल्या. "परत काढायला किती वेळ लागेल?"

"सहा तास, मॅडम."

"साहेब फाटकाशी आले. पडदा लावा."

पडदा लावला. ढोल वाजले. मारोतरावांनी दोरी ओढली, पडदा सरकला आणि टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. धम्मरत्न मागे भिंतीला टेकून उभा राहिला. आपली फाइल खणातून निघून चुलीत जाताना त्याला स्पष्ट दिसत होती.

मारोतराव पुढे झाले. पत्र्यावरच्या केसांखाली, चष्म्याआड, मिशीच्या मागे त्यांना त्यांचाच चेहरा दिसला. त्यांनी मान हलवली, चेहऱ्यानं मान हलवली. ते हसले, चेहरा हसला.

"वा," मारोतराव म्हणाले. "याले म्हणतात कला. डोळेसुद्धा हालून राह्यले."

मग सगळ्यांनीच मान डोलावली. संचालक एकेक करून पत्र्यासमोर उभे राहिले आणि प्रत्येकाला आपण अध्यक्ष झाल्याचं दिसलं. उपाध्यक्ष तर तिथून हलेचनात.

"चेहरा कोनं केला?" मारोतरावांनी विचारलं.

धम्मरत्न तोंड उघडणार तोच विमलताई म्हणाल्या, "चेहऱ्यावर शेवटचा हात आपल्या गोविंदाचा आहे, साहेब." हे खरंच होतं. गोविंदाला शाल आणि नारळ मिळाला.

गर्दी पांगल्यावर धम्मरत्ननं मारोतरावांना गाठलं. "साहेब, फाइल."

"हो, बरी आठवण केली. आपल्या पाचही शाळांत असाच चेहरा पाह्यजे, मास्तर. फक्त रंग-बिंग करत बसू नका, कायले तरास घेता?" मारोतराव गाडीत बसले आणि त्यांनी काच खाली केली. "अन् मी काय म्हणतो, बिनरंगाचं एवढं झ्याक होते, तं चित्रकलेच्या मास्तरचं पद कायले मागाचं सरकारले?"

गाडी गेली. धम्मरत्न परत दालनात आला आणि पत्र्यासमोर उभा राहिला. केस नीट बसले, चष्माही बसला. अध्यक्षांच्या मिशीखालून त्यानं स्वतःकडे बघितलं आणि जरा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मास्तर, तुमची फाइल मंजूर."

दारात उभ्या गोविंदानं टाळी वाजवली. मग घड्याळात पाच वाजले. गोविंदा पगारी माणूस, त्याची वेळ संपली होती. तो शाल खांद्यावर टाकून घरी गेला आणि समारंभाच्या खुर्च्या धम्मरत्ननं एकट्यानं उचलल्या.