फोर्डच्या मडगार्डावरचे पिवळे डाग

गोंदियाच्या बाजारात मोटारींच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं आणि त्या दुकानात केवळराम नावाचा एक नोकर नटबोल्ट विकत असे. हे झालं जगाचं म्हणणं. केवळरामचं स्वतःबद्दलचं म्हणणं त्याने पत्र्याच्या पाटीवर निळ्या रंगात लिहून घराच्या दारावर लावलं होतं: ‘श्री. केवळराम, गुप्तहेर. अफाट बुद्धी, तीक्ष्ण नाक. मोटारींच्या भानगडींत विशेष प्रावीण्य. आत येण्यापूर्वी पाय पुसावेत.’ शेवटची ओळ त्याच्या बायकोने, वच्छलाने घालायला लावली होती आणि पाटीवरची तेवढीच ओळ लोक मनावर घेत.

डोळे मिटून नुसत्या आवाजावरून मोटारीची कंपनी ओळखतो, असं तो सांगे. पाचांतल्या तीन वेळा ती मोटार नसून आमगावची बस निघे, पण बसने मोटारीसारखा आवाज काढला तर दोष नाकाकानाचा कसा? ऑस्टिन वकिलांनी घ्यावी, मॉरिस डॉक्टरांनी घ्यावी, फोर्डमध्ये पोती घालावीत आणि दोन माणसांची, टप मागे दुमडता येणारी विलायती स्पोर्ट्स कार दिसली की रस्त्याच्या कडेला टोपी काढून उभं राहावं, अशी त्याची वर्णव्यवस्था होती. स्वतःला मोटार चालवता येत नाही, ही बाब तो तांत्रिक समजत असे.

माणसांचेही त्याने दोनच प्रकार पाडले होते. एक स्पोर्ट्स कार, म्हणजे तो स्वतः. दुसरा माल वाहणारी गाडी, म्हणजे त्याचा मदतनीस शालीकराम. शालीकराम दुकानासमोर पंक्चर काढायचा आणि तपास निघाला की केवळरामला सायकलच्या कॅरियरवर बसवून न्यायचा. सायकल शालीकरामची, पाय शालीकरामचे, घाम शालीकरामचा. वेगवान यंत्राने आपली शक्ती पेडलवर खर्च करू नये, असं केवळरामचं मत होतं आणि सहा वर्षांत शालीकरामने ते खोडून काढलं नव्हतं.

चोपन्न साली पोळ्याच्या सकाळी फुलचूरच्या देवचंदची चिठ्ठी आली. देवचंदची धानाची शेती होती, भात सडायची गिरणी होती आणि दोन महिन्यांपूर्वी त्याने लाल एम.जी., अशीच विलायती स्पोर्ट्स कार, घेतली होती. केवळराम त्या गाडीला तीन वेळा भेटून आला होता, देवचंदला एकदा. वच्छला म्हणाली की आज पुरण शिजतंय, दुपारी जेवायला घरी या. केवळराम म्हणाला की गुन्हेगार पुरणासाठी थांबत नाहीत. मग तो कॅरियरवर बसला.

देवचंद गोठ्याच्या दाराशीच उभा होता. आत दोन मोटारी होत्या. डावीकडे लाल एम.जी., उजवीकडे सतरा वर्षांची काळी फोर्ड. फोर्डच्या पुढच्या दोन्ही फुगीर मडगार्डांवर पिवळे, ओशट पट्टे ओढलेले होते आणि त्यांवर मुंग्यांची रांग लागली होती. एम.जी.वर एक डागही नव्हता.

देवचंदने हकिकत सांगितली. फोर्ड त्याने आमगावच्या चैतरामला विकायची ठरवली होती. चैतराम दुपारच्या गाडीने ती न्यायला येणार होता. आणि नेमकी आज सकाळी ही घाण. त्याचा संशय ड्रायव्हर सुखरामवर होता. सौदा ठरला त्या दिवशी सुखराम फोर्डच्या चाकाला टेकून रडला होता. मोटार गेल्यावर त्याला गिरणीत काम द्यायचं कबूल झालं होतं, पण सौदा मोडण्यासाठी त्याने हा उद्योग केला असेल तर गिरणी नाही न् काही नाही, आजच्या आज त्याने घर गाठायचं. चैतराम यायच्या आत काय ते सांगा, असं देवचंदने बजावलं. सुखराम कोपऱ्यात उभा राहून हे ऐकत होता. त्याने एकदा केवळरामकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सुखरामला घरी चार पोरं होती.

केवळरामने गुडघ्यावर बसून तपासाला सुरुवात केली. तपासाच्या वेळी तो पुस्तकी मराठी बोलत असे.

“विलायती ग्रीस आहे,” तो म्हणाला. “बोटावर घेताच कळते.”

शालीकरामने डागावर बोट फिरवून ते जिभेला लावलं. “तूप होय, भाऊ. अन् हळद.”

“तूप विलायतेतही असते,” केवळराम म्हणाला. “आणि तपासात मला साहेब म्हणायचे ठरले आहे.”

चाकाखाली एक घडी घातलेलं पळसाचं पान सापडलं. तेही पिवळं झालं होतं. पळस जंगलात असतो, म्हणजे गुन्हेगार जंगलातून आला, असं केवळरामने वहीत लिहिलं. गोठ्यापासून वीस पावलांवर पळसाचं झाड होतं, त्याला केवळराम पाठ करून उभा होता.

मग तो मुख्य कोड्याकडे वळला. गुन्हेगारापुढे एम.जी. असताना त्याने फोर्डला हात का लावला? केवळरामला हे पटेच ना. ज्याला डोळे आहेत तो माणूस एम.जी. सोडून फोर्डकडे वळूच कसा शकतो? उत्तर एकच निघत होतं. हल्ला एम.जी.वर होता, अंधुक उजेडात गुन्हेगार चुकला. आणि एम.जी.चा हेवा कोण करील? छोटेलाल मिस्त्री. गोंदियातला हा मिस्त्री मॉरिसचा इतका भक्त होता की दुसऱ्या कंपनीची मोटार दुरुस्तीला आली तर आधी तिच्या मालकाची कीव करायचा.

शालीकरामने भाऊंना गोंदियाला परत नेलं. छोटेलालने सगळं ऐकून घेतलं. मग आपल्या सायकल-पंपाकडे पाहत म्हणाला, “केवलरामजी, घी तो मैं अपनी मॉरिस को भी न लगाऊँ. फोर्ड के लिए घर का घी निकालूँगा?”

केवळरामने लिहून घेतलं: ‘संशयिताला तुपाची माहिती आहे.’ तुपाची माहिती छोटेलालला केवळरामनेच दिली होती, हे शालीकरामच्या लक्षात आलं. पण त्याला पुन्हा फुलचूरपर्यंत पेडल मारायचं होतं, म्हणून त्याने श्वास जपून ठेवला. रस्त्यात जिकडे तिकडे बैल धुऊन निघत होते, शिंगांना रंग लागत होते, गळ्यांत घुंगरमाळा चढत होत्या. एका बैलजोडीने रस्ता अडवला तेव्हा केवळरामने कॅरियरवरून ओरडून सांगितलं की मोटारींचा महत्त्वाचा तपास चालू आहे. बैल सरकले नाहीत. बैलांच्या खांद्यांवर पिवळे पट्टे होते, पण त्यांची कंपनी कोणती हे सांगता येत नसल्यामुळे केवळरामने तिकडे लक्ष दिलं नाही.

खरं तर केवळराम हा मुर्री गावच्या शेतकऱ्याचा पोरगा. बारा वर्षांपूर्वीपर्यंत पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने स्वतः बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकले, म्हणजे मळले होते. पण दुकानात लागल्यापासून त्याने शेणाचा वास लागणारी प्रत्येक गोष्ट डोक्यातून पुसून टाकली होती आणि त्या रिकाम्या जागेत मोटारींचे कॅटलॉग भरले होते.

फुलचूरला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. देवचंद घड्याळ पाहत होता. केवळरामकडे आता सांगायला काहीच नव्हतं, आणि काहीच नसलं की मोठ्या गुप्तहेराला जवळ जो उभा असेल तो गुन्हेगार दिसू लागतो. त्याने सुखरामला हात पुढे करायला लावले. सुखरामची नखं पिवळी होती.

“सापडला,” केवळराम म्हणाला. म्हणताना त्याला जेवढं बरं वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही.

“काल भावाच्या बैलाचे खांदे शेकले जी,” सुखराम हळू आवाजात म्हणाला. “गावात आज कोणाची नखं पिवळी नाहीत?”

केवळरामने देवचंदच्या माणसांचे हात पाहिले. सगळेच पिवळे होते. स्वतःचं बोट पाहिलं. तेही पिवळं होतं. गुन्हेगारांची टोळी अपेक्षेपेक्षा मोठी निघाली, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला. देवचंदने मात्र सुखरामला आपलं सामान उचलायला सांगितलं.

तेवढ्यात आमगावचा चैतराम स्टेशनवरून येऊन पोचला. धोतर, खांद्यावर पंचा, हातात नारळ. तो सरळ गोठ्यात शिरला, फोर्डसमोर थांबला आणि हसला.

“मोटारीचे खांदे शेकले काय देवचंदभाऊ? बेस केलं. आमच्या गावात कोणाले सुचलं नाही.”

साडेतीन तासांचा तपास, दोन संशयित आणि सायकलच्या तीन फेऱ्या, हे सगळं चैतरामने चप्पल काढायच्या आत मिटवून टाकलं होतं.

मग दारातून आवाज आला. देवचंदची बायको पुष्पाबाई केव्हाची तिथे उभी होती.

“मी शेकले,” ती म्हणाली. “बारा वर्सं झाली, खांदशेकीच्या सांजेले मी वाटी घेऊन कोठ्यात येते. कालही आली. येऊन पायते त कोठ्यात बैल कुठं? चांद्या-हिऱ्या त तुमी इकले, या लाल मोटारीपायी. तवा मी काही बोलली नाही. पण तूप-हळद हातात, पान हातात, अन् शेकाले खांदा नाही. मंग या काळीचे शेकले. सतरा वर्सं तिनं या घरचं धान वाह्यलं, मले बाळंतपणाले माहेरी नेलं, सासऱ्याले दवाखान्यात नेलं. आवतणही दिलं तिले, उद्या जेवाले ये म्हणून. तुमी आज तिले इकून राहिले.”

देवचंदने खांबाला हात टेकला. बैलजोडीचं नाव घरात दोन महिन्यांत पहिल्यांदाच निघालं होतं.

अशा वेळी शहाणा माणूस गप्प राहतो. केवळरामला मात्र एम.जी.चा अपमान सहन झाला नाही. त्याने विचारलं की बाई, मग एवढी उंची विलायती गाडी शेजारी उभी असताना तिला का नाही लावलं?

“तिले कायले लावू?” पुष्पाबाई म्हणाली. “तिच्या खांद्यावर आतापावेतो काय आलं? मालकाचा काळा चष्मा?”

सुखराम आधी हसला. मग खुद्द देवचंद हसला, पण हसता हसता त्याने तोंड फिरवलं आणि पंच्याने डोळे पुसले. चैतराम एम.जी.भोवती एक चक्कर मारून आला. हिच्यात पोतं कुठे ठेवतात, असं त्याने अगदी मनापासून विचारलं. आवतण दिलेली मोटार मी आज दावणीवरून नेणार नाही, तो म्हणाला, आणि उद्याही मागायला येणार नाही, पण नारळ आणलाच आहे तर फोडू आणि मी जेवून जाईन. देवचंदने सुखरामच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं आणि फोर्डच्या मागच्या सीटवर ठेवून दिलं. तो सुखरामला एवढंच म्हणाला की संध्याकाळी काळीले पोळ्याच्या तोरणाखाली घेऊन जा, आपल्या जोडीच्या जागेवर उभी कर.

केवळरामला कोणी काही म्हणालं नाही, आणि हेच त्याला सगळ्यांत जास्त लागलं. एक माणूस त्याच्या अफाट बुद्धीपायी पोळ्याच्या दिवशी नोकरीला मुकणार होता. जाताना त्याने पुष्पाबाईकडे खालच्या आवाजात काहीतरी मागितलं. तिने वाटीत उरलेली तूप-हळद पळसाच्या पानावर काढून दिली.

परतीच्या वाटेवर केवळराम कॅरियरवर बसला होता. समोर शालीकरामची पाठ होती. सहा वर्षं ती पाठ त्याच्यासमोर होती, पण त्याने कायम तिच्या बाजूने रस्ता पाहिला होता. आज रस्ता दिसेना, पाठच दिसत राहिली. सदरा घामाने चिकटला होता. आवाज मोठा, रंग झगझगीत, ओझं शून्य, असली गाडी कोणती आणि ती या सायकलवर नेमकी कुठे बसली आहे, हे कळायला गुप्तहेर लागत नव्हता. आयुष्यातला पहिला अचूक निष्कर्ष त्याने स्वतःविरुद्ध काढला होता.

“थांब गा शालीक,” तो म्हणाला. पुस्तकी मराठी फुलचूरलाच राहिली होती.

शालीकराम थांबला. केवळरामने पान उघडलं आणि भर रस्त्यात त्याच्या दोन्ही खांद्यांवर, सदऱ्यावरूनच, तूप-हळद चोळली. शालीकरामने मान वळवून एकदा डाव्या खांद्याकडे पाहिलं, एकदा उजव्या.

“भाऊ, हे कालच्या सांजेले करतेत.”

“मले उशिराच समजते. आज जेवाले ये.”

शालीकराम पेडलवर पाय ठेवू लागला, तर केवळरामने त्याला हाताला धरून खाली उतरवलं. पोळ्याच्या दिवशी जुंपत नसतात. आज मागे शालीकरामला बसायचं होतं.

स्पोर्ट्स कार सुरू झाली. पहिल्या पन्नास पावलांत तिने दोनदा चिखल पाहिला, शंभराव्या पावलाला तिला धाप लागली आणि चढ दिसताच ती कायमची उभी राहिली. मग दोघे सायकल हातात धरून चालत गोंदियाला आले. त्यांच्या बाजूने घुंगरमाळा घातलेले बैल त्यांना मागे टाकून गेले.

दारात वच्छला वाट पाहत होती. पुरण कधीच निवलं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग शालीकरामच्या सदऱ्यावरच्या दोन पिवळ्या डागांकडे पाहिलं. ती आत गेली आणि तिने दुसरं ताट मांडलं.

दोघांनी पाय पुसले आणि आत गेले.