दहावा वाचक

"एक," ग्लेनिस म्हणाली. "फक्त एक. जास्त हाव नाही धरायची."

तिच्या नवऱ्याने, बेव्हनने, टीव्हीवरच्या क्रिकेटवरची नजर न हलवता ताट पुढे सरकवलं. "एक का, दोन घे. नाताळचं हॅम अजून अर्धं पडलंय. फेब्रुवारीपर्यंत तेच खायचंय आपल्याला."

"हॅम नाही रे! वाचक! माझ्या ब्लॉगचा या वर्षीचा संकल्प. नऊचे दहा करायचे. झेपेल असा संकल्प आहे की नाही?"

नव्या वर्षाचा पहिला दिवस, त्यात रविवार. जानेवारी म्हणजे तिथे भर उन्हाळा. उन्हाने पत्रे तडतडत होते, जाळीच्या दारावर माश्या आपटत होत्या आणि ग्लेनिस ट्रेवेना आनंदाने नुसती फसफसत होती. गेल्या वर्षीचा तिचा संकल्प असा होता की, ब्लॉगवर रोज एक लेख, हजार वाचक आणि वर्षाअखेरीला पुस्तक. वर्षाअखेरीला हाती लागले चार लेख आणि नाव नोंदवलेले नऊ वाचक. हे नऊही काही साधे नव्हते. त्यातली एक ग्लेनिस स्वतः, फोनवरून. दुसरीही ग्लेनिसच, कॉम्प्युटरवरून. तिसरा बेव्हन, त्याच्या फोनवरचं बटण तिनेच दाबलं होतं. मग पर्थची बहीण, बहिणीच्या दोन मुली, पोस्ट चालवणारी नोएलीन, नळदुरुस्तीचा ब्लॉग समजून शिरलेला कॅनडातला एक गृहस्थ आणि एक विमा कंपनी.

"आणि रोज नाही लिहायचं," ग्लेनिस म्हणाली. "दर रविवारी एक लेख, त्यात एक नवा पदार्थ. आणि जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आकडा दहा झाला नाही, तर ब्लॉग बंद. मग मी सभागृहातल्या त्या तुकडे जोडून चित्रं जुळवणाऱ्या बायकांत जाऊन बसेन."

बेव्हनच्या घशात हॅम अडकलं. "बंद? बंद कशाला? अशी अट कशाला घालतेस उगीच?"

"तुला काय फरक पडतो? तू कुठे वाचतोस?"

"नाही वाचत," बेव्हन म्हणाला आणि घाईघाईने पाणी प्यायला.

चित्रं जुळवण्याचं ग्लेनिस हसत बोलली खरी, पण त्या गटाचा तिने धसका घेतला होता. शाळेच्या कॅन्टीनमध्ये तिचा जन्म गेला. मधल्या सुटीत खिडकीवर पोरांची झुंबड उडायची, "मिसेस ट्रेवेना, मीट-पायवर सॉस जास्त!" असा ओरडा चालायचा आणि तिच्याशी कुणी ना कुणी सतत बोलत असायचं. निवृत्त झाली आणि घर एकदम गप्प झालं. बेव्हन भला माणूस, पण तो दिवसाला मोजकीच वाक्यं बोलतो आणि त्यातली निम्मी पंचाला उद्देशून असतात. 'ग्लेनिसचा ओटा' हा ब्लॉग म्हणजे तिची नवी खिडकी होती. पलीकडे एखादं तरी नवं तोंड दिसावं, एवढीच तिची इच्छा होती.

त्याच दुपारी तिने झोकात पहिला लेख लिहिला. या महिन्यात दर रविवारी झुकिनीचा, म्हणजे काकडीसारख्या दिसणाऱ्या त्या फळभाजीचा, एक नवा पदार्थ करणार, असं जाहीर केलं. आणि शेवटी, आपल्याशिवाय कोण वाचतंय, या खात्रीने मोकळेपणाने लिहिलं, "पण बेव्हनने ट्रेलर मागे घेताना माझी दोन्ही झुकिनीची झाडं चिरडली. कुणाकडे जास्तीच्या एकदोन असतील, तर आमच्या फाटकाशी ठेवाव्यात."

त्यांच्या गावात, मुंडाऱ्यात, जानेवारीच्या महिन्यात कुणी असं लिहीत नाही. शुद्धीवर असताना तर नाहीच नाही. तिथे प्रत्येकाच्या परसात झुकिनी असते आणि संध्याकाळी बोटाएवढी दिसलेली सकाळी मनगटाएवढी होते. लोक त्या शेजाऱ्यांना देतात, शेजारी परत त्यांनाच देतात. एरवी गावात गाडीला कुलूप लावायची पद्धत नाही, पण जानेवारीत नुसती काच उघडी राहिली, तरी मागच्या सीटवर झुकिनी येऊन बसतात. अशा गावात ग्लेनिसने झुकिनी मागितली होती.

सोमवारी सकाळी फाटकाशी चार होत्या. ग्लेनिस त्या कडेवर घेऊन धावतच आत आली.

"बेव्हन! दहावा वाचक! अरे, गावातला आहे!" तिने कॉम्प्युटर उघडला. आकडा नऊ. "असं कसं?"

"असेल कुणीतरी," बेव्हन क्रिकेटकडे बघत म्हणाला.

मंगळवारी टोपली आली. बुधवारी दोन खोकी. गुरुवारी फाटक आतून उघडेना, कारण बाहेर रास लागली होती. शुक्रवारी अग्निशमनाचा बंब दारात उभा राहिला. आतून हेल्मेट घातलेले दोन गडी उतरले, त्यांनी तीन पोती खाली ठेवली, "सरावाला निघालोच होतो, म्हटलं जाता जाता..." असं म्हणाले आणि घंटा वाजवत निघून गेले.

ग्लेनिसने कंबर कसली. झुकिनीचा केक झाला, सूप झालं, लोणचं झालं. बेव्हनच्या सँडविचमध्ये झुकिनी, वर तोंडी लावायला झुकिनी. "हॅम उरलंय ना गं थोडं?" असं त्याने एकदा काकुळतीने विचारलं. आणि रोज रात्री आकडा बघावा, तर नऊ.

दुसऱ्या रविवारी तिने लिहिलं, "तुम्ही जे कुणी आहात, ते फार चांगले आहात. पण आता पुरे. खरंच काही आणू नका."

इथे तिची दुसरी चूक झाली. मुंडाऱ्यात कुणाच्या घरी जेवायला जाताना "काय आणू?" असं विचारलं, की यजमानीण "छे, काही नको!" म्हणते. त्यावर जो खरंच हात हलवत जातो, त्याचं नाव पुढे वीस वर्षं निघतं. "आणू नका" हे वाचून गावाला एवढंच कळलं, की बिचारी लाजतेय, हिला अजून हव्यात. सोमवारपासून ओघ दुप्पट झाला. मंगळवारी ती दातांच्या डॉक्टरकडे गेली, तर तेवढ्यात गाडीची मागची सीट भरली.

तिसऱ्या आठवड्यात ती पहाटेच खुर्ची टाकून फाटकाआड बसली. थोड्या वेळाने चाक कुरकुरलं. ढकलगाडी घेऊन म्हातारा क्लॅरी येत होता. गाडीत एकच झुकिनी होती, पण ती पाळण्यातल्या बाळाएवढी होती.

"सापडलात!" ग्लेनिस उठून उभी राहिली. "क्लॅरी, तुम्ही माझा ब्लॉग वाचता?"

"मी? चष्मा फुटून दोन वर्षं झाली गं. मी काय वाचतोय कपाळ!"

"मग तुम्हाला झुकिनीचं कळलं कसं?"

"म्हणजे? गावच्या क्लबात ऐकलं की. रविवारी संध्याकाळी नोएलीन मोठ्याने वाचते ना. हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ झाला, की आधी तुझा लेख आणि मग मटणाच्या ताटाची सोडत. अख्खं गाव असतं. गेल्या वर्षी चारच लेख दिलेस, बाई! पुडिंगचा तर आम्हाला तोंडपाठ झालाय."

ग्लेनिस मटकन खुर्चीत बसली. दर रविवारी संध्याकाळी आपण घरी आकडा बघत बसायचो आणि तेव्हाच दोन गल्ल्या पलीकडे... "आणि मला कुणी काहीच बोललं नाही?"

"नोएलीनने तशी ताकीद दिलीय. तुला सांगितलं असतं, तर तू नीट लिहायला लागली असतीस. मग मजा गेली असती."

क्लॅरीने झुकिनी तिच्या मांडीवर ठेवली आणि तो निघून गेला. पहिल्या झटक्यात ग्लेनिसला एवढा आनंद झाला, की तिने त्या झुकिनीला मिठी मारली. दुसऱ्या झटक्यात तिला पुडिंगचा लेख आठवला. "आमच्या नोएलीनचा स्पंज केक सभागृहाच्या दाराला अडसर म्हणून लावावा, वाऱ्याने दार आपटायचं थांबेल," हे वाक्य त्यातच होतं. ते नोएलीनने वाचलं होतं. गावासमोर. मोठ्याने.

ती आत गेली. बेव्हन दाढी करत होता.

"बेव्हन, दर रविवारी तू क्लबात असतोस."

वस्तरा थांबला.

"म्हणजे तुला ठाऊक होतं!"

"मी वाचत नाही, एवढंच म्हणालो होतो," बेव्हन आरशातल्या ग्लेनिसला म्हणाला. "ऐकत नाही, असं कुठे म्हणालो?" मग जरा वेळाने, फेसातून, "पुढच्या रांगेत बसतो मी." त्या क्षणी ग्लेनिसला त्याचा राग यायला हवा होता, पण तो येईना.

शेवटच्या रविवारी ती क्लबात शिरली. दोन्ही हातांत झुकिनीच्या केकचे ट्रे. ती दिसताच सगळ्यांच्या माना वळल्या. माईकपाशी नोएलीन कागद घेऊन उभी होती.

"नोएलीन, तो स्पंज केक... मी फार वाईट लिहिलं गं. मला माफ कर."

"कुठला केक?" नोएलीन थंडपणे म्हणाली. "त्या ओळीवर शाईचा डाग होता. मी सोडून दिली ती."

"पण ओळ कुणावर आहे ते आम्ही ओळखलं!" मागून एक बाई म्हणाली. "डाग फक्त तेवढ्याच ओळीवर कसा असेल?"

हशा पिकला. ग्लेनिसचे कान लाल झाले. आता आलोच आहोत, तर सगळं बोलून टाकावं म्हणून तिने ट्रे टेबलावर ठेवून माईक ओढला. "माझा संकल्प होता, आज दहा वाचक व्हायचे. नाही झाले, तर ब्लॉग बंद. अजून नऊच आहेत."

"मी सांगितलं होतं यांना!" पुढच्या रांगेतून बेव्हन ओरडला. घरी त्याचा एवढा मोठा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. "कुणीतरी एकाने नाव नोंदवा म्हटलं, तर म्हणतात, फुकट ऐकायला मिळतंय, मग वाचायचं कशाला!"

नोएलीनने शांतपणे आपला फोन काढला, चष्मा चढवला आणि एक बटण दाबलं. "घे. मी नाव काढून टाकलं. आठ झाले."

बेव्हनने कपाळावर हात मारला.

"मी पोस्ट चालवायची, स्वतःच्या शाईने लेख छापायचे, वर माझ्याच केकची बदनामी मीच झाकायची? पुरे झालं." नोएलीनने कागदांची चळत ग्लेनिसच्या हातात कोंबली. "इथून पुढे दर रविवारी तू यायचंस आणि तूच वाचायचंस. सुरुवात पुडिंगच्या लेखाने. तो डाग नव्हे, ती ओळ मला तुझ्या तोंडून ऐकायचीय."

ग्लेनिसने वाचलं. अडसराच्या वाक्याला तिचा आवाज बसला.

"मोठ्याने!" नोएलीन म्हणाली. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."

ग्लेनिसने मोठ्याने वाचलं आणि क्लबाचं छप्पर उडायची वेळ आली. सगळ्यांत जास्त नोएलीनच हसत होती, डोळे पुसत, टेबल बडवत. मग मागून कुणीतरी ओरडलं, "मिसेस ट्रेवेना, पुढचं वाचा!" कॅन्टीनच्या खिडकीवर पोरं ओरडायची, अगदी तसंच. ओरडणारा आता अग्निशमन दलात होता आणि त्याला दाढी होती, एवढाच फरक. संकल्प साफ बुडाला होता, एक वाचक वाढायच्या ऐवजी एक कमी झाला होता आणि तिला एवढा आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

"मग ब्लॉग बंद ना?" नोएलीनने विचारलं.

"बंद कसला!" ग्लेनिस उत्साहाने माईकवर जवळजवळ चढलीच. "झुकिनीचा महिना संपला. फेब्रुवारीचा संकल्प ऐका. दर रविवारी टोमॅटोचा एक नवा पदार्थ! आता माझ्याकडे टोमॅटो फारसे..."

पुढच्या रांगेतला बेव्हन ताडकन उठला. माणसं बाजूला सारत, कुणाचा ग्लास सांडतोय तिकडे न बघता, तो गाडीला कुलूप लावायला धावला.